दुपारी दोन ते पाच मान टाकणारा स्विच: पंखा बदलण्याआधी तीन आकडे लिहा

एप्रिल लागला की नेटवर्क दुरुस्तीसाठी मला येणाऱ्या फोनांत एक वाक्य ठरलेलं असतं. "नेट जातंय आणि चार-पाच मिनिटांनी आपोआप येतंय." वेळ कोणती? दुपारची. कधीपासून? आठ दिवस झाले. मागच्या वर्षी व्हायचं का? इथे पलीकडे जरा शांतता. व्हायचं. त्याच्या मागच्या वर्षीही व्हायचं, पण मग थांबलं होतं.

थांबलं होतं ते पावसाने. मेच्या अखेरीस ज्याने शेवटचा हात लावला असेल त्याच्या खात्यावर यश जमा होतं. कुणी यूपीएसच्या बॅटऱ्या बदललेल्या असतात, कुणी नवं फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवलेलं असतं, कुणी सगळ्या पॅच कॉर्ड (छोट्या जोडकेबल) नव्या घातलेल्या असतात. आठवड्याभरात वळीव येतो, पत्रा निवतो आणि दुखणं पुढच्या एप्रिलपर्यंत झोपी जातं. असं यश मीही दोनदा घेतलंय, बिलासकट. तिसऱ्या वर्षी मालकांनी जुनी दोन्ही बिलं टेबलावर ठेवली आणि चहा मागवला, तेव्हा कुठे मी नीट बघायला लागलो.

जागा सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी, टेरी टॉवेलचा कारखाना. मागांच्या शेडला लागून, जिना चढून जायची सुपरवायझरची केबिन. वर पत्रा. भिंतीला काचेच्या दाराचा ९ यू रॅक (उपकरणं बसवायचं छोटं कपाट), तोही जमिनीपासून आठ फुटांवर, "कुणाचा हात लागू नये म्हणून". त्यात २४ पोर्टचा नेटवर्क स्विच, म्हणजे सगळ्या नेटच्या केबल एकत्र जोडणारा डबा, आणि तोही पीओईचा, म्हणजे त्याच केबलमधून उपकरणांना वीज देणारा, त्यावर १६ कॅमेरे आणि ३ वायफाय ॲक्सेस पॉइंट, रेकॉर्डिंगचा एनव्हीआर, ऑफिसकडे जाणारी एक फायबर. यूपीएस खाली जमिनीवर. कुठल्याही मध्यम कारखान्यात दिसतो तसाच संसार.

लॉग रिकामा असतो, हीच खूण

पहिल्या वर्षी मी स्विचचा लॉग, म्हणजे त्याने स्वतः ठेवलेल्या नोंदी, उघडला होता. त्यात काहीच नव्हतं, म्हणून वीज गेली असणार असं ठरवून मोकळा झालो. चूक तिथेच झाली. स्विचचा लॉग सहसा मेमरीत असतो. स्विच तापून रीस्टार्ट झाला की मरताना त्याने जे काही लिहिलं ते त्याच्याबरोबरच जातं. उरतात त्या उठल्यानंतरच्या नोंदी. त्यातही वेळ दुसऱ्या कुठून घेण्याची सोय लावलेली नसेल तर सिस्को कंपनीच्या जुन्या कॅटलिस्ट स्विचचं घड्याळ १ मार्च १९९३ पासून सुरू होतं. मालक माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत म्हणाले, "आज एप्रिलची अठरा आहे ना हो?"

म्हणून कुठल्याही तपासाआधी दोन गोष्टी. स्विचला एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायच्या सोयीने) वेळ द्या, आणि लॉग दुसऱ्या मशीनवर जाईल असं करा. कोपऱ्यात पडलेला जुना पीसी त्यावर सिसलॉग (असे लॉग गोळा करणारा प्रोग्राम) चालवून पुरतो. हे केलं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी २:४० ला तापमानाची पिवळी सूचना, २:५५ ला लाल आणि मग शांतता, अशा तीन ओळी मिळाल्या. दोन वर्षांत जे कळलं नव्हतं ते तीन ओळींत.

यूपीएसवरचा संशय फेडायला त्याहून सोपी युक्ती आहे. त्याच यूपीएसवरच्या दुसऱ्या उपकरणाला विचारा, तू किती वेळ चालू आहेस? आमचा एनव्हीआर ४० दिवस अखंड चालू होता, स्विच कालपासून. वीज गेली असती तर दोघंही पडले असते. बॅटऱ्या बदलण्याआधी हे बघितलं असतं तर पहिलं बिल लागलंच नसतं.

सगळे स्विच तापल्यावर एकसारखे वागत नाहीत. काही आधी पीओई बंद करतात, म्हणजे कॅमेरे जातात पण ऑफिसातले संगणक चालू राहतात, आणि मग लोक कॅमेऱ्यांच्या कंपनीला फोन करत बसतात. काही बंद पडतात आणि थंड होईपर्यंत उठतच नाहीत. काही दर पंधरा मिनिटांनी उठतात आणि पडतात. "दुपारी होतं" आणि "एकावेळी सगळं जातं" या दोन गोष्टी जुळल्या की केबल आणि फर्मवेअर बाजूला ठेवून आधी हवेकडे बघावं.

एक नोंद मात्र मला बराच वेळ छळत होती. दोनदा स्विच संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास पडला होता. ऊन उतरलं होतं, मग तेव्हा का? उत्तर कॅमेऱ्यांत निघालं. अंधार पडला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात. दिवसा पाच-सहा वॅट घेणारा कॅमेरा रात्री दहाच्या आसपास जातो. सोळा कॅमेरे एकदम. ती वीज बहुतांशी कॅमेऱ्यात खर्च होते, पण ती तयार करताना होणारा तोटा स्विचच्या पोटात उष्णता होऊन राहतो. आणि सव्वासातला पत्रा अजून निवलेला नसतो.

तीन आकडे, तीन आरोपी

आता मुद्द्याचं. स्विच ७१ अंश दाखवतोय, एवढ्यावरून काहीही कळत नाही. दवाखान्यात नुसतं "अंगात कणकण आहे" म्हटल्यासारखं ते आहे. मी आता एकाच वेळी तीन ठिकाणचं तापमान घेतो.

पहिलं खोलीचं, रॅकपासून चार-पाच फुटांवर, माणसाच्या उंचीला. दुसरं स्विच जिथून हवा ओढतो त्या जाळीपाशी, रॅकचं दार बंद ठेवून. तिसरं स्विच स्वतः सांगतो ते. त्यासाठी द्यायची आज्ञा सिस्कोच्या स्विचवर "शो एन्व्हायर्नमेंट ऑल", जुनिपरवर "शो चॅसिस एन्व्हायर्नमेंट", मायक्रोटिकवर "सिस्टिम हेल्थ प्रिंट". पिवळी आणि लाल मर्यादा बऱ्याच मॉडेलमध्ये तिथेच खाली दिलेली असते. ती त्या मॉडेलची असते, दुसऱ्या मॉडेलशी तुलना करू नका.

त्या दिवशी दुपारी तीन वाजता आमच्याकडे आकडे होते ३८, ४७ आणि ७१.

३८ ते ४७ हा नऊ अंशांचा चढ रॅकचा. म्हणजे स्विचने बाहेर टाकलेली गरम हवा काचेच्या दाराआड कोंडून परत त्याच्याच तोंडाशी येतेय. ४७ ते ७१ हा चोवीस अंशांचा चढ स्विचचा स्वतःचा. म्हणजे आत शिरलेली हवा पुरेशी वाहत नाही. आणि मुळातलं ३८ हे खोलीचं पाप. ऑफिसात वापरायच्या बहुतेक स्विचना कंपनी ४० किंवा ४५ अंशांपर्यंतच्या हवेत काम करण्याची हमी देते. ती हवा म्हणजे जाळीपाशी असलेली, खोलीतली नव्हे. भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघून "४० च्या आत आहे की" म्हणणारा माणूस या नऊ अंशांना विसरतो.

चढ हा आकडा एवढा कामाचा का, तर तो ऋतूवर अवलंबून नसतो. आत तयार होणारी उष्णता तेवढीच असेल तर चढ फक्त किती हवा वाहतेय यावर ठरतो. हवा निम्मी झाली की चढ जवळपास दुप्पट. १०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि हवेला १० अंशांपेक्षा जास्त तापू द्यायचं नाही, तर मिनिटाला सुमारे १८ घनफूट हवा लागते. तीच ९ घनफूट झाली की २० अंश. जानेवारीतही चढ वाढलेला दिसतो, फक्त खोली २४ अंशांवर असल्यामुळे कुणाला त्रास होत नाही. म्हणजे एप्रिलमधला बिघाड जानेवारीत पकडता येतो.

दोन पथ्यं पाळावी लागतात. मोजणी रोज एकाच वेळी, एकाच भारावर करायची. इन्फ्रारेड दिवे लागलेले असताना घेतलेला चढ दुपारच्या चढाशी ताडून उपयोग नाही. त्यामुळे "शो पॉवर इनलाइन" या आज्ञेने दिसणारे पीओईचे एकूण वॅटही शेजारी लिहावेत. दुसरं, ज्या स्विचचा पंखा कमी-जास्त वेगाने फिरतो तो लबाडी करतो. जाळी बुजली तरी पंखा वेग वाढवून तापमान सांभाळून घेतो आणि आकडा महिनोन्‌महिने छान दिसतो. अशा वेळी पंख्याचे फेरे बघा, किंवा नुसता आवाज ऐका. हिवाळ्याच्या सकाळी स्विच पूर्ण जोरात घोंघावत असेल तर तो आताच दमलेला आहे.

साधनांबद्दल थोडं. किमान-कमाल लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर पुरे. इन्फ्रारेड गन सगळ्यांना आवडते, पण चकचकीत पत्र्यावर ती खोटं बोलते. मोजायच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि टेपवर नेम धरा. आणि स्विच इतका साधा असेल की तापमान दाखवतच नाही, तर त्यात बसवलेल्या फायबर मॉड्यूलला (फायबर ज्यात खोचतात त्या छोट्या तुकड्याला) विचारून बघा. मॉड्यूलमध्ये सोय असेल तर ते स्वतःचं तापमान सांगतं, आणि फुकटचा थर्मामीटर मिळतो. साध्या व्यापारी दर्जाच्या मॉड्यूलची मर्यादा ७० अंश असते हेही ध्यानात असू द्या. कधी स्विच ठणठणीत असतो आणि नुसती फायबरची लिंक दुपारी डुलक्या घेत असते.

लव आणि खळ

चोवीस अंश कमी करायला स्विच उघडणं भाग होतं. त्याआधी कॉन्फिगचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर घेतला, आणि चालू कॉन्फिग सेव्ह आहे ना तेही बघितलं. हे सांगायचं कारण असं की पाच-सहा वर्षं अखंड तापलेला स्विच एकदा थंड झाला की परत उठेलच याची हमी नसते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं, आणि म्हातारा कपॅसिटर गरम असेपर्यंतच तग धरून असतो. साफसफाई करताना स्विच "मेला" म्हणून तुमच्यावर आळ यायचा नसेल तर मालकांना आधी सांगून ठेवा. काम साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी.

खाली उतरवला तर हवा ओढायच्या बाजूची जाळी दिसतच नव्हती. तिच्यावर करडा, घट्ट नमदा. चिमट्याने एक कडा धरून ओढला तर वीतभर लांबीचा अख्खा तुकडा हातात आला, रुमालासारखा. खोटं वाटेल, पण त्यावर टॉवेलच्या कडेचा निळा रंगसुद्धा होता.

ही साधी धूळ नसते. मागावर ताणाच्या सुताला खळ दिलेली असते, विणताना ती झडते. त्यात कापसाची लव. आणि सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये मुद्दाम ओलावा ठेवलेला. लव, खळ आणि दमट हवा मिळून जे तयार होतं ते ब्लोअरने उडत नाही, उलट जाळीतून आत जाऊन पंख्याच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत जाऊन बसतं. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीत काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. साखर कारखान्यात बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा, जिनिंगमध्ये सरकीची लव, कोकणात खारी हवा. प्रत्येक ठिकाणचा मळ वेगळा, त्याचा उपायही वेगळा. खारी हवा तर जाळी बुजवतच नाही, थेट पिना आणि कनेक्टर खाते, त्यामुळे तिथे चढ चांगला दिसूनही स्विच जातो.

आम्ही असं केलं. वीज काढली, दोन्ही बाजूंच्या केबलवर नंबर टाकले, स्विच केबिनबाहेर मोकळ्यावर आणला. वॉरंटी संपलेली होती म्हणून झाकण उघडलं. वॉरंटीत असेल तर स्टिकर फाडू नका, बाहेरूनच जाळी साफ करा. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा. नमदा चिमट्याने सोलला. हीटसिंकच्या फटी रंगकामाच्या एक इंची मऊ ब्रशने, एकाच दिशेने. पात्यांवर खळीचा चिकट थर होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापडाने पुसला. थेंब बेअरिंगमध्ये जाता कामा नये, तिथलं वंगण धुतलं जातं. मग शेवटी हातातल्या ब्लोअरची हलकी हवा, पंख्याच्या पात्यांत कुल्फीची काडी अडकवून.

काडीचं कारण सांगतो. हवेच्या झोताने पंखा भर्रकन फिरतो, बघायला मजा येते. पण तो त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पुढे जातो, बेअरिंग मार खातं, शिवाय फिरणारी मोटर उलटी वीज तयार करून बोर्डाकडे पाठवते. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळीही बोर्डाजवळ नेऊ नये, प्लास्टिकच्या नळीवर स्थिर वीज साचते.

आमचं काम चाललेलं बघून फिटर मामा कॉम्प्रेसरचा पाइप घेऊन आले. "साहेब, एका फुंकरीत साफ करून देतो. माग आम्ही असेच साफ करतो." मामांचा अनुभव माझ्या वयाएवढा, त्यांना नाही म्हणणं जिवावर आलं. पण कारखान्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी असतं, तेलाचा अंश असतो आणि दाब सहा-सात बार. मागाला ते चालतं. मी पाइपचं तोंड पांढऱ्या कागदावर धरायला सांगितलं, कागदावर तेलाचे ठिपके उमटले. मामांनी ते बघितलं आणि काही न बोलता पाइप गुंडाळला.

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडला नाही. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीन-साडेतीनशे व्होल्ट असू शकतात, आणि वीज काढल्यावरही ते काही वेळ राहतात. त्याची जाळी बाहेरून ब्रशने झाडायची, बस्स.

परत बसवल्यावर, त्याच भारावर, स्विचचा चढ चोवीसवरून चौदावर आला. पंखा तोच होता. मी खिशात नवा पंखा घेऊनच गेलो होतो.

पंखा खरंच गेला असेल तर

मी पंख्याला शेवटचा संशयित मानतो, पण तो निर्दोष असतोच असं नाही. थंड स्विच चालू केल्यावर पहिली काही मिनिटं खरखर आणि नंतर आवाज बंद, याचा अर्थ वंगण सुकलंय. वीज काढल्यावर चांगला पंखा काही सेकंद आपल्या नादात फिरत राहतो, बिघडलेला झटक्यात थांबतो. दोन्ही लक्षणं असतील तर तेल-बिल सोडण्याच्या भानगडीत पडू नका. शिलाई मशीनचं तेल घालून आठवडाभर सुरळीत चालतो, मग आणखी धूळ धरून अडकतो. माझा स्वतःचा दोन पंख्यांचा अनुभव आहे.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला "चाळीस एमएम, बारा व्होल्ट" म्हटलं की दुकानदार समोर ढीग ओततो. त्यातला कुठलाही चालत नाही. जाडी बघा, २० मिलिमीटरच्या जागी १० चा बसतो, पण हवा तेवढी फेकत नाही. लेबलवरचे अँपिअर बघा, कारण कमी अँपिअरचा शांत पंखा ऑफिसात छान वाटतो आणि एप्रिलमध्ये तोंडघशी पाडतो. वायरी मोजा. तीन वायरींच्या पंख्यात तिसरी वायर साधारणपणे फेऱ्यांचा हिशेब सांगते, एका फेऱ्याला दोन ठोके. पण काही पंख्यांत तीच वायर फक्त "अडकलो" एवढंच सांगते. दिसायला दोन्ही सारखे. चुकीचा घातला की पंखा मस्त फिरतो आणि स्विच मात्र पंखा बंद असल्याची बोंब मारत राहतो. कनेक्टरमधल्या वायरींचा क्रमही सगळ्या कंपन्यांचा एक नसतो, म्हणून रंग बघून नव्हे, जुन्या पंख्याच्या पिना मल्टिमीटरने बघून जोडा. बेअरिंग बॉलचंच घ्या. आणि बसवताना दिशा: पंख्याच्या चौकटीवर बाण नसेल तर लेबल आणि आडव्या काड्या ज्या बाजूला असतात तिकडून हवा बाहेर पडते.

दिशेवरून एक गोष्ट. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या सर्व्हर रूममध्ये मोठ्या स्विचचा एक फॅन मॉड्यूल गेला, कुणीतरी बदलून घातला, आणि त्यानंतर तो स्विच आधीपेक्षा जास्त तापायला लागला. हँडलचा रंग बघितल्यावर उलगडा झाला. सिस्कोच्या नेक्सस मालिकेत गडद लालसर हँडल म्हणजे हवा पोर्टच्या बाजूने आत, निळं म्हणजे पोर्टच्या बाजूने बाहेर. तीन एका रंगाचे आणि एक दुसऱ्या. तिघं हवा आत ओढत होते, चौथा तीच परत ढकलत होता. चालू स्विचमधून पंखा काढून बदलायचा असेल तर मॅन्युअलमध्ये किती मिनिटांची मुभा आहे ते आधी वाचा. नवा पंखा खोक्यातून बाहेर काढून, दिशा तपासून, हातात धरल्यावरच जुना ओढायचा.

चढ तोच, तरी स्विच तापतोय

एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेत सोमवारी सकाळी नेट बंद असायचं. दर सोमवारी नाही, महिन्यातून एखादा. सर्व्हर रूमला एसी, स्विच स्वच्छ, चढ कधीही बघा अकरा-बारा. स्विचमध्ये काहीच दोष नव्हता, म्हणून मी खोलीत किमान-कमाल थर्मामीटर ठेवून आलो. पुढच्या वेळी कमाल आकडा ४४ निघाला. एसीच्या खोलीत, पहाटे.

रविवारी रात्री वीज जायची. स्विच, सर्व्हर, मोडेम इन्व्हर्टरवर होते, ते चालू राहायचे आणि उष्णता टाकत राहायचे. एसी अर्थातच इन्व्हर्टरवर नव्हता. वीज परत यायची तेव्हा बाकी सगळं सुरळीत, पण एसी रिमोटची वाट बघत बसून राहायचा. रिमोट शिपाई काकांच्या ड्रॉवरमध्ये, काका घरी. शनिवार-रविवारच्या बंद खोलीत आठ-दहा तासांत दुसरं काय होणार?

ही परीक्षा आजच घेऊन बघा, खर्च शून्य. एसीचा एमसीबी पाडा, पाच मिनिटं थांबा, परत चढवा. स्टॅबिलायझरचा उशीर धरून आणखी पाच मिनिटं वाट बघा. एसी आपोआप सुरू झाला नाही, तर तुमच्या नेटवर्कची चावी रिमोटमध्ये आहे. काही एसींत ऑटो रिस्टार्टची सोय असते पण बंद करून ठेवलेली असते. नसेल तर इन्व्हर्टरवर चालणारा, थर्मोस्टॅट लावलेला एक एक्झॉस्ट पंखा भिंतीत बसवा. तो खोली थंड करणार नाही, पण ४४ च्या जागी ३४ वर धरून ठेवेल, आणि स्विचला तेवढं चालतं.

एसी सोळावर लावून ठेवण्याचीही गरज नाही. अमेरिकेतल्या ॲशरे या संस्थेची शिफारस उपकरणात शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंश अशी आहे. सोळावर चोवीस तास घासलेल्या, मळक्या फिल्टरच्या एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो, बर्फाने हवा अडते, आणि खोली थंड करायच्या नादात गरम होते. चोवीसवर ठेवा, फिल्टर पंधरा दिवसांनी धुवा. आणि कृपा करून एसी रॅकच्या डोक्यावर बसवू नका. ड्रेन पाइप कधी ना कधी तुंबतोच.

कारखान्यात पुढे काय केलं

स्विचचा चढ चौदावर आला तरी रॅकचे नऊ अंश उरलेच होते. रॅक आठ फुटांवरून साडेतीन फुटांवर उतरवला. पत्र्याखालची सगळी गरमी वर साचते, त्यामुळे एवढ्यानेच जाळीपाशी दोन-अडीच अंशांचा फरक पडला. काचेचं दार काढून छिद्रांचं बसवलं. रॅकच्या छतावर मुळात दोन पंखे होते, पण आवाज होतो म्हणून सुपरवायझरनी त्यांची पिन काढून ठेवलेली होती, आणि एकाची दिशाही उलटी होती. दोन्ही सरळ करून चालू केले. स्विचच्या हवा ओढायच्या बाजूला लोंबणारा केबलचा गठ्ठा मागे बांधला. रॅकचा चढ नऊवरून तीनवर आला.

हवा आत येते तिथे स्पंजचा फिल्टर लावायचा मोह झाला होता. लावला, पण स्विचच्या जाळीवर नव्हे. हाताएवढ्या फिल्टरवर लव चार दिवसांत पसरते आणि मग आपणच स्विचचा गळा आवळल्यासारखं होतं. मामांनी रॅकच्या खालच्या बाजूला दीड फूट रुंद पत्र्याचा खोका करून दिला, त्याच्या तोंडावर काढता येईल अशी फ्रेम. क्षेत्रफळ मोठं, त्यामुळे हवेला अडथळा कमी. पाळी बदलताना पोरगा फ्रेम काढतो, झटकतो, लावतो. पंधरा सेकंद. ज्या फिल्टरला झटकणारा ठरलेला माणूस नाही, तो फिल्टर लावू नये असं माझं मत झालंय.

रॅकला सुतळीने एक वही बांधली आहे. दर शनिवारी दुपारी तीनला सुपरवायझर तीन तापमानं आणि पीओईचे वॅट लिहितात. साफसफाई दर तीन महिन्यांनी की सहा, हा प्रश्न मग उरतच नाही. स्विचचा चढ अठरावर गेला की साफ करायचा, असं ठरवलं. मागांच्या शेडमध्ये चौदावरून अठरावर जायला सात आठवडे लागले. त्याच आवारातल्या ऑफिसच्या इमारतीत तसल्याच स्विचला तेवढ्यासाठी चौदा महिने लागले. दोन्हींना "तिमाही सर्व्हिस" लिहून मी वर्षानुवर्षं एएमसीचं (वार्षिक देखभाल कराराचं) बिल करत होतो. एकाला ती कमी पडत होती, दुसऱ्याला नको होती.

तुमच्याकडे असं होत असेल आणि कुणाला विचारायचं असेल, तर "स्विच गरम होतोय" असं न सांगता हे सांगा: खोली, जाळी आणि आतलं, तिन्ही तापमानं एकाच वेळची. त्या वेळचे पीओई वॅट. पंख्याचे फेरे किंवा आवाज. त्याच यूपीएसवरचं दुसरं उपकरण किती दिवस चालू आहे ते. आणि रॅकच्या दाराची जात, काच की छिद्रं. एवढ्यावर फोनवरूनसुद्धा निदान होतं.

गेल्या शनिवारी शेडमधल्या वहीत सतरा लिहिलंय. येत्या सुट्टीला ब्रश, चिमटा आणि कुल्फीच्या काड्या घेऊन जायचंय. मामांचा आधीच फोन येऊन गेला, की कॉम्प्रेसरचा पाइप त्यांनी कुलपात ठेवलाय.